तिसऱ्यानं काढलेलं गोंदण

सोमवार, १ डिसेंबर
सगळ्यात आधी आदेशच येऊन बसला होता, माझी पिशवी अजून ऑटोतच होती. वडश्याच्या झाडीपट्टी नाटक मंडळाचा माणूस. मीही तिकडचीच म्हणून आजी, आजी करत पाया पडला अन् चहा मलेच मांडाले लावला. माझ्या पोराचं, दिनेशचं, ऊर्जानगरचं क्वार्टर मोठं छान आहे. नळाले दिवसभर पाणी. डोक्यावर पाण्याची गुंडी नाई तर मान कशी मोकळी मोकळी वाटते. नात दिव्या मंडळाचे पोस्टर करते. औंदा आदेशले जपानी कार्टूनसारखे पाह्यजे, मोठमोठे डोळे अन् उडते केस, पोट्टे तेच पाह्यतात म्हणे. एआय म्हणून असते, त्याले लिहून सांगतलं की चित्र काढून देते. असे तीन आहेत अन् त्यातला कोणता धराचा हेच ठरत नाई. पोरगी पार थकून गेली. मी सारखी बोलते म्हणून तिनं ही वही हातात देल्ली, इथी बोल म्हणे.

बुधवार, ३ डिसेंबर
आज तिघांची परीक्षा झाली. दिव्यानं माझा फोटो काढला, अंगावर शाल, फक्त तोंड उघडं, अन् तिघांले देल्ला. पहिल्यानं मले वीस वर्षांची केली अन् कपाळावरचं गोंदण मळ समजून पुसून टाकलं. छान आहे म्हटलं, पण ही बाई कोण? दुसऱ्यानं गोंदणाचे गुलाब केले. तिसऱ्यानं मात्र कपाळावरचे ठिपके, हनुवटीवरचा ठिपका, अन् हातावरचा विंचू सुद्धा काढला. हात तर शालीत होता. दिव्या म्हणे, त्यानं हजारो म्हाताऱ्या पाह्यल्या असतीन, अंदाज केला. मी म्हटलं, मंग हाच घे, याले कळते. आदेश फोनवर म्हणे, आजीचा निकाल झाला, आता हिरोईन पण आजीलेच विचारून घेऊ.

आमच्या गावात गोंदण चांगलं उतरलं की टोपलं घेऊन येणाऱ्या गोंदणारीच्या सुपात तांदूळ अन् हळकुंड घालतात, अन् म्हणतात, आता पुढची पोरगी. तिनं तांदूळ घेतले की ते काम तिच्यावर लागू. इथी सूप कुठचं, मी ताटलीतच घातले, लॅपटॉपपुढं ठेवले अन् म्हटलं, आता आमची दिव्या. दिव्या म्हणे, आजी, तो जेवत नाई. मी हसून हसून खोकली.

शुक्रवार, ५ डिसेंबर
दिव्यानं हिरोईन म्हणून स्वतःचाच फोटो देल्ला. तिसऱ्यानं धानाच्या बांधीत उभी केली, केस वाऱ्यावर, बहुत गोड. फक्त हनुवटीवर हिरवा ठिपका, न सांगता. अन् मागं बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, दोन बाया, डोक्यावर टोपले, तोंडं पदरात. दिव्यानं लिहिलं, बाया काढून टाक. पुढच्या चित्रात त्या जवळ आल्या. ती वैतागली, मशिनीचं असंच असते म्हणे. आदेश म्हणे राहू द्या, भ्याव वाटते, लोकं येतीन.

सोमवार, ८ डिसेंबर
दिव्याच्या हनुवटीवर ठिपका आहे. पेनाचा असन म्हणून तेल लावून घासला. जात नाई. तो हिरवा रंग मी ओळखते, काजळ अन् दुधाचा असते.

ताटली पाह्यली. तांदूळ नाई, हळकुंड नाई. कोणी उचलले विचारलं तर घरात कोणीच हात लावला नाई.

तिसऱ्याले सोड म्हटलं. तिनं पहिला उघडला. गोंदण पुसून टाकणारा तो, त्यानंही ठिपके काढले. दुसऱ्यानंही. त्याच दोन बाया. आता कोणताही घेतला तरी तेच.

गुरुवार, ११ डिसेंबर
दिव्या दिवसभर झोपूनच राह्यते. उजवा हात सुजला, ताज्या गोंदणासारखा. दिनेश म्हणे ॲलर्जी, मलम आणला. त्याले काय सांगू. ड्युटीवरून येते तर धड बसवत नाई त्याले.

लॅपटॉप बंद करून कपाटात ठेवला. फोनवर चित्र आलंच. बाया आता तीन आहेत. तिसरीची वेणी आमच्या दिव्याची — टोपलं तिच्याही डोक्यावर. मेल्यावर गोंदण तेवढं संग जाते, असं आमच्याकडं म्हणतात. इथी तर उलटं — गोंदणच तिले घेऊन —

शनिवार, १३ डिसेंबर
दुपारी त्या दोघी आल्या. दिनेश ड्युटीवर. पायरीवर टोपले ठेवले. मी दारात आडवी उभी राह्यली — दिव्या आतून उठून आली अन् हात पुढं केला. मी बोलावलं नव्हतं तिले.

माझा हात घ्या म्हटलं. पदराआडूनच म्हणाल्या, म्हातारे, तुह्या हातावर जागा नाई.

तांदूळ परत देतो म्हटलं, पोतंभर देतो. खाऊन झाले म्हणाल्या.

कोपरापर्यंत गोंदलं. सुईचा आवाज — पोरगी रडली पण नाई. गेटवाला म्हणे, कोणी बाया आल्याच नाई, आजी.

दिनेशले म्हटलं हिले घेऊन जा कुठी. कुठी नेऊ म्हणे. खरंच, कुठी —

बाकीचं करायले येतो म्हणाल्या. पोरीले उपाशी ठेव, सकाळी केस धुवून बसव. रविवारी, म्हणजे उद्