चार्ज घ्यायला कुणीतरी

रत्नागिरी, ३ जून २०२४

ती. आईस राजूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते. मी राजीनामा दिलाय. जोडीच्या तिघी नर्सिंग सोडून गेल्या, आता बेचाळीस पेशंटांमागे मी एकटी. परवा आमचं मनोबल वाढवायला एक बाई आल्या होत्या, खोल श्वास घ्यायला शिकवत होत्या म्हणे. वॉर्ड कुणावर टाकून जाणार? प्रमाणपत्र मात्र मला घरपोच मिळालं.

मेट्रनबाई म्हणतात, चार्ज घ्यायला कुणी आलं की त्याच दिवशी सोडते. म्हणजे औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या दुसरीनं सही करून घ्यायच्या. पण इथे येतंय कोण? काल एक आजोबा वारले, तर माझ्या मनात पहिलं आलं, बरं झालं, खाट मोकळी झाली. माझीच मला भीती वाटते गं.

धाकट्या दिशाचंही नर्सिंग झालंय, तिला मुंबईची नोकरी लागतेय, तिला जाऊ दे. माया असू दे.

तुझी राजू

बुरोंडी, १२ जून २०२४

चि. राजूस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दिशानं वाचून दाखवलं, हेही तीच लिहितेय. तुझ्या बाबांना वाटलं, मोबाईलच्या चार्जरचंच काहीतरी बिघडलंय. दिशा हसून बेजार. मग तिनं नीट सांगितलं, तसे जाळं विणायचं टाकून उठून गेले.

माझ्या जिवाला घोर लागलाय. त्यावर मी एक उपाय काढलाय, जमला की कळेलच तुला. शेंडेफळ भाविका बारावीत गेली, अभ्यासाचं नाव नाही. तुझ्यासाठी सुके बोंबील पाठवतेय. जेवत जा.

तुझी आई

रत्नागिरी, १९ जुलै २०२४

ती. आईस शि. सा. न.

चार्ज घ्यायला माणूस आलं. बघते तर दारात दिशा, गणवेशात! मुंबई सोडून इथला अर्ज भर, ताईच्या किल्ल्या तू घे, म्हणजे ती सुटेल, असं तू म्हणालीस म्हणे. आम्ही दोघी मजेत आहोत. बोंबील पोचले.

भाविका, दिशा इथे आहे, म्हणजे हे पत्र आता तूच वाचत असशील. इथून पुढचं मनात वाच.

मी किल्ल्या दिल्या, सही झाली. घरी यायला दापोलीच्या गाडीत बसलेसुद्धा. पण एवढ्या पेशंटांत ती एकटी, हे काही डोळ्यांपुढून हलेना. वाटेत हातखंब्याला उतरले, परत आले आणि राजीनामा मागे घेतला. मेट्रनबाईंनी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, एका वॉर्डात दोघी कशाला? दिशाला वरच्या बायकांच्या वॉर्डात टाकलं. तिथे नर्सच नव्हती. काल जिन्यात भेटली, हातात किल्ल्या. जेवलीस का विचारेपर्यंत किल्ल्या वाजवत वर पळाली.

आईनं भल्यासाठीच केलं, तिला यातलं काही कळू देऊ नकोस. कळलं, तर आम्हा दोघींना सोडवायला ती तुला नर्सिंगचा फॉर्म भरायला सांगेल. भरू नकोस.

एवढं वाचलंस की आईला मोठ्यानं सांग, ताईनं खुशाल असल्याचं कळवलंय.

तुझी ताई