उसवलेली कादंबरी

ती. ताईस साष्टांग नमस्कार,

मी ठणठणीत आहे, खोकला नावापुरता उरलाय. आईचा गुडघा काय म्हणतो?

ग्रंथालयात माझ्याकडे एक जुनी, उसवलेली कादंबरी बांधणीला आली. बांधायचं पुस्तक वाचत बसायचं नाही, हा आमच्या मिस्त्रींचा दंडक. मी वाचत बसलो आणि भांड्यातली खळ वाळून खडखडीत झाली. भरपूर बोलणी खाल्ली.

पण काय लिहिलंय गं! त्यात वडील जातात. धाकटा धाय मोकलून रडतो. थोरली डोळ्यांतून टिपूस काढत नाही. चूल पेटवते, वडिलांचे जोडे पुसून ठेवते, सगळ्यांना जेवू घालते. धाकटा तिला दगड म्हणतो. लेखक तिची बाजू मांडतच नाही. कोणाकोणाची ताटं मांडली तेवढं सांगतो, आणि त्यांत तिचं ताट नसतं. मी ते पान तीनदा वाचलं.

बाबा गेले तेव्हा मीही तुला दगड म्हणालो होतो. तरी तू मला आग्रह करून दोनदा वाढलंस. तुझं ताट मात्र काही केल्या आठवत नाही.

अकरा वर्षांनी विचारतोय, रागावू नकोस. त्या दिवशी तू जेवली होतीस का गं?

तुझा,
धाकटा