एका पायात थांबणारी पिकअप

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ८.
मायाप्पाने आज गाडी काढायला नकार दिला. चौदा वर्षं माझ्या डिझेल पिकअपवर ड्रायव्हर आहे, आणि आज म्हणे, मालक, तीनदा पाय मारल्याबिगर ब्रेक लागत न्हाय, मला लेकरंबाळं हायत. लेकरं मलाही आहेत. पुण्यात असतात, फोन उचलत नाहीत. भित्रा माणूस. तीनदा पाय मारायला काय होतं? जिममध्ये लोक पैसे भरून मारतात.
त्याला सांगितलं, जा घरी. वीस तारखेला आरटीओत पासिंग आहे. त्या दिवशी गाडी एका पायात थांबेल आणि तू हात जोडत येशील.
किल्ली खुंटीला लावून गेला.

संध्याकाळी ७.
बायकोचा, दाक्षायणीचा, फतवा. पासिंग झालं नाही तर गाडी विकायची. टॉवेल विणायचे आठ लूम विकले, शेड विकली, तेव्हा मी गप्प बसलो. आता टॉवेलच्या धंद्यातली ही एकच वस्तू माझी आहे, बाकी दुसऱ्यांच्या मालाचे गठ्ठे वाहतो. ही गेली तर मी सकाळी उठून करायचं काय? हे तिला विचारणार होतो. भीती वाटली म्हणून नाही, तिला मशिनरीतलं कळत नाही म्हणून विचारलं नाही.

५ मार्च.
राजेसाबच्या गॅरेजला गेलो. चाकाखाली एकदा वाकला आणि निकाल दिला. सेठ, चाकातलं सिलिंडर गळतंय, ब्रेकचे लायनर खतम, चारी चाकं खोलायला लागतील, गाडी दोन दिवस ठेवा. चष्मासुद्धा लावला नव्हता.
असल्या लोकांच्या हातात देश आहे. मी तीस वर्षं लूम चालवले. लूमचा धोटा मिनिटाला शंभरदा इकडून तिकडे पळतो. तो थांबवणाऱ्याला चार चाकं थांबवता येणार नाहीत?
निर्णय: ब्रेक मीच करणार.

७ मार्च.
सात व्हिडिओ पाहिले. त्यातला एक बर्फात चित्रित केलेला. आपल्याकडे बर्फ नाही, म्हणजे काम निम्मं. लायनर आणि सिलिंडर आणले. (राजेसाबने सांगितलं म्हणून नव्हे. माझंही मत तेच होतं.)
उद्या पहाटे पाचला सुरुवात.

८ मार्च.
साडेदहाला उठलो. ऊन फार.

९ मार्च.
पाना सापडला नाही.

१२ मार्च. दुपारी २.
मागची दोन चाकं झाली. पुढची चांगलीच असणार, मुद्दाम खोलून नाट कशाला लावा. आता ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली झोपून नट सैल करायचा, परत आवळायचा, मगच पेडल सोडायचं. सोपं आहे. दाक्षायणीला वर बसवलं.
तेवढ्यात तिच्या बहिणीचा, महेश्वरीचा, अक्कलकोटहून फोन. या दोघी कन्नडमध्ये बोलायला लागल्या की जगाचा अंत झाला तरी कळणार नाही. महेश्वरीच्या सुनेचं प्रकरण रंगलं की हिचा पाय खाली, ओसरलं की वर. मी ओरडलो, दाब. ती म्हणे, दाबलंय की, तुमीच हळू बोला, तिकडं ऐकू जातंय. निघालेली हवा सगळी परत आत गेली. वर माझ्या कपाळावर ऑइल.
मदतीचा दर्जा हा असा असल्यावर माणसाने काय करायचं?

१५ मार्च.
हवा निघाली. दाक्षायणीचा फोन मी खिशात ठेवला होता. अक्कल ही अशी वापरायची असते.
अक्कलकोट रोडला बंद पडलेल्या शेडसमोर ट्रायल घेतली. गाडी दीड पायात थांबली. म्हणजे एकच धरायला हरकत नाही. मायाप्पाला कळवावं असं मनात आलं, पण त्याला वीस तारखेपर्यंत झुरू दे.
एकच बारीक गोष्ट. ब्रेक लावला की मागच्या चाकांतून किंकाळी येते. गल्लीतली कुत्री उठतात.

१८ मार्च. संध्याकाळी ६.
किंकाळीचा बंदोबस्त केला. राजेसाबला फोन केला असता तर म्हणाला असता, परत खोला. गॅरेजवाल्यांना दुसरं येतं काय? माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं, लूम ओरडला की त्याला तेल पाहिजे. लूमच्या तेलाची कुप्पी अजून माळ्यावर आहे. मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेक-ड्रमांच्या फटीतून आत सहा सहा धारा सोडल्या. दहा मिनिटांत आवाज गायब. असं काम आता कुणी करत नाही.
ट्रायल घेतली नाही. संध्याकाळचं ट्रॅफिक, आणि गरजही नाही.

२० मार्च. दुपारी १.
पासिंग ग्राउंड. साहेब तरुण, पोरगेलेसा, पण कॉलर ताठ. कागदावरून माझं चन्नप्पा हे नाव वाचलं आणि म्हणाला, काका, तिकडून तीसच्या स्पीडने या, पांढऱ्या रेषेवर थांबा.
मी एकदाच पाय मारला. तत्त्व म्हणजे तत्त्व. गाडी रेषेवरून गेली. मग चारदा मारला. गाडी क्लार्कच्या टेबलापर्यंत गेली. क्लार्क आधीच उठला होता, हुशार माणूस. शेवटी मेंदीच्या कुंपणात थांबली. कुणाला लागलं नाही.
साहेबाने ड्रमच्या कडेला बोट लावलं, वास घेतला आणि विचारलं, ब्रेकमध्ये तेल कुणी घातलं?
मी सांगितलं, राजेसाब मिस्त्रीने.
राजेसाब मागेच उभा होता. दुसऱ्या कुणाची रिक्षा घेऊन आला होता. म्हणाला, सेठ, मी तर तुमच्या गाडीला हातबी लावला नाय. लोक हसले. तो हसला नाही.

२१ मार्च.
ताप असावा. थर्मामीटर चुकीचा दाखवतो.

२३ मार्च.
दाक्षायणीने गाडी विकली. कुणाला? मायाप्पाला. तो म्हणे पतपेढीत गेला, कर्जाच्या सह्या केल्या, दाक्षायणी हो म्हणाली. सही माझी लागत होती. केली. गाडी घ्यायलासुद्धा त्याला माझंच घर सापडलं.

२९ मार्च.
ऐकलं ते असं. राजेसाबने ड्रम धुतले, तेल प्यायलेले लायनर फेकले, चारी चाकं खोलली. दोन दिवस लागले. पासिंग झालं. गाडी म्हणे रेषेच्या अलीकडे थांबली, एका पायात.
बरं झालं असं मला वाटायला हवं. वाटत नाही.

२ एप्रिल. संध्याकाळी.
मायाप्पा घरी आला. चप्पल बाहेर काढून उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. म्हणाला, मालक, उद्या मंगळवेढ्याला टॉवेलचं गठ्ठं न्यायचं हायत. उतरवून मोजून घ्यायला माणूस पायजे. मालातलं तुमाला कळतंय. येता का?
माझ्या ड्रायव्हरने मला हमालीला बोलवावं. विचार करून सांगतो म्हणालो, जरा तुटकपणेच. माझा वेळ काय रस्त्यावर पडलाय का?

३ एप्रिल, गुरुवार. पहाटे ५.४०.
गाडी सहाला येणार आहे. डबा घेतला. पायरीवर बसलोय.