दादाचा मेलबॉक्स भरलाय

चि. यशराज, आबाचा आशीर्वाद.

फलटणात बसून हे कागदावर लिवतोय. फोन नंबर तू बदललास, तिकडं कुठं ऱ्हातोस ते ठावं न्हाई, आणि ईमेल सारखा परत येतोय. कागद तरी कुठं धाडू?

मला वाटलं, ईमेलचा पत्ताच चुकला. आपली शिवांजली म्हणाली, "आवं आबा, पत्ता चुकला असता तर असं कुणी न्हाईच म्हणून आलं असतं. हितं लिवलंय, दादाचा मेलबॉक्स भरलाय. त्यानं जुनं पुसलं, तरच नवं आत जाईल."

मीच भरला रं. जत्रेत पालखीला आपल्या घराचा खांदा असतो. तू गेल्यापासनं तुझ्या जागी मी लागतो, शिवांजली व्हिडिओ काढती. पयल्या साली तो धाडला, तर फाईल लय मोठी म्हणून माघारी आला. आता पालखी काय अर्ध्या वाटंत सोडायची असती व्हय? मग तुकडं करून, देवळातनं निघाल्यापासनं परत देवळात येईस्तवर सगळी धाडली. दर साली तसंच.

औंदा गुडघा ऐकत न्हाई. खांद्याला तू येतोस, का मान तुझ्या चुलत्याच्या जयराजला देऊ, एवढंच इचारायचं हाय. तेवढ्यालाबी जागा न्हाई.

म्हंजी तू एकबी पालखी पुसली न्हाईस. उघडल्याच न्हाईत, का जपून ठेवल्यात, ते माघारी आलेल्या ईमेलात लिवलेलं नसतं.

दमलेला,
आबा