गुरुजी बसेल हायत

सोमवार, १६ नोव्हेंबर २००९
शाळेवर रुजू झालो. संग्रामपूरहून जीपने, मागच्या फळीवर लटकत. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग एकत्र, शिक्षक मी एकटा. उत्तम. नेतृत्वाला वाव.

संकल्प: आठवड्याभरात वर्गाचा कायापालट. आनंददायी शिक्षण. छडी नाही, घोकंपट्टी नाही. डी.एड.ला माझ्या नमुना पाठावर 'वेगळाच आहे' असा शेरा मिळाला होता.

खुर्चीत बसायला गेलो तर अख्खा वर्ग उभा राहिला. आदराने नव्हे. पहिलीतली मलिहा रडायला लागली. चौथीतली समीक्षा पुढे आली आणि लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "सर, तिथं गुरुजी बसेल हायत."

खुर्ची रिकामी होती.

खिचडी शिजवणाऱ्या सिंधूताई म्हणजे समीक्षाची आई. त्यांच्याकडून माहिती काढली. नारायणराव गुरुजींची सगळी नोकरी इथेच गेली. श्रावणात शाळेच्या वाटेवरच कोसळले, हार्ट अटॅक. तेव्हापासून शिक्षक नाही. पण मुलं रोज वेळेवर येतात, दार उघडतात, खुर्चीसमोर बसतात, पाढे म्हणतात, घरी जातात. कोणी सांगितलेलं नाही. हे सगळं सांगताना सिंधूताईंचा भात ढवळणारा हात थांबला नाही.

आणखी एक संकल्प: अंधश्रद्धा निर्मूलन, याच आठवड्यात. माझं नाव हिंमतराव. नाव आजोबांचं असलं तरी त्याला जागलं पाहिजे.

तूर्त तांदळाच्या कोठीवर बसलो. पाठीच्या कण्याला कोठीच चांगली.

मंगळवार, १७ नोव्हेंबर
पद्धतीला यश. वजाबाकीत अडलेली मुलं अर्ध्या तासात बरोबर उत्तरं द्यायला लागली. एवढ्या लवकर अपेक्षित नव्हतं. केंद्रप्रमुख साहेबांच्या कानावर घालायला हवं.

एकच गोष्ट खटकली. मी शिकवतो तेव्हा मुलं माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे बघतात. मलिहाचा भाऊ जाकीर, तिसरीतला, एका गणितावर अडला होता. त्याने मागे बघितलं, मान डोलावली, पाटी पुसली, पुन्हा मांडलं. मान कोणाला डोलावली, असं विचारलं. म्हणाला, गुरुजी म्हणाले हातचा राहिला.

हातचा खरंच राहिला होता. माझ्या लक्षात आला नव्हता.

पाठीमागून गार वारा येतो. खिडकीचं तावदान फुटलंय. अर्ज करणे.

दुपारनंतर पाहिलं, तावदान शाबूत आहे.

बुधवार, १८ नोव्हेंबर
'भूत नसते' या विषयावर व्याख्यान. विज्ञान, पुरावा, प्रयोग. बोललो छान. मुलं शांत बसली होती. शेवटी शंका विचारा म्हटलं तर समीक्षा उभी राहिली. "भूत कोन म्हणलं, सर? गुरुजी हायत ते."

बाकीच्यांनी माना हलवल्या. भूत नसतं हे त्यांना माझ्याआधीच मान्य होतं.

मग कठोर निर्णय घेतला. खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली. वजनदार निघाली. सागवान असावं.

वर्गात वळून पाहतो तर मुलं पाट्या घेऊन बाहेर निघाली होती. भांडण नाही, गोंगाट नाही. खुर्चीसमोर ओळीत बसली. मी आत एकटा. बाहेर जाऊन बसणं शिस्तीत बसेना, म्हणून पुढचा पाठ खिडकीतून घेतला. निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण ही आधुनिक कल्पना आहेच. आवाजालाही व्यायाम.

शाळा सुटल्यावर खुर्ची स्वतःच आत आणली. सरकारी मालमत्ता, दव लागलं असतं.

गुरुवार, १९ नोव्हेंबर
हजेरी निम्म्यावर. जेवणाच्या सुट्टीनंतर आणखी गळती. खिचडी नाही, सिंधूताई आल्याच नाहीत.

कारण कळलं. बीटीच्या कपाशीवर लाल्या आलाय. पानं लाल होऊन गळतायत, बोंडं बारीक. मजूर किलोवर वेचतात, असल्या विरळ वावरात कोण येणार? म्हणून घरची माणसं, आणि घरची माणसं म्हणजे माझा वर्ग. महागाचं बियाणं, कंपनीचा माणूस जीपमधून फोटो काढून गेला, तो पुन्हा दिसला नाही, असं एकाने पारावर ऐकवलं. मी शिक्षणाचं महत्त्व ऐकवलं. त्याने मला चहा पाजला.

पालकांमध्ये जागृती नाही. हाच खरा प्रश्न आहे. माझ्या शिकवण्यात काही नाही.

शेवटच्या तासाला वर्गात कोणीच नव्हतं. तरी पाठ पूर्ण केला, तत्त्व म्हणून. 'पाण्याची रूपे'. मधे तहान लागली. उठलो आणि मागे वळून विचारलं, "पाणी पिऊन येऊ?"

जुनी सवय. चौथीपर्यंत आपण सगळेच विचारत होतो.

आश्चर्य म्हणजे उत्तराची वाट पाहत थोडा वेळ उभा राहिलो. मग गेलो.

शुक्रवार, २० नोव्हेंबर
फक्त मलिहा आली. ती वेचायला फार लहान. पाटीवर डोकं ठेवून झोपली.

केंद्रप्रमुख साहेबांचा फोन. उद्या सकाळच्या शाळेला भेट देणार. शिक्षणसेवकाची कच्ची नोकरी, वर्ग रिकामा, आणि आठवड्याचा कायापालट.

निर्णय: वावरात जाऊन पालकांना संबोधित करणे. मुद्दे वाटेत तयार केले. मलिहाला बरोबर घेतलं, एकटी कशी ठेवायची? खरं म्हणजे वाट तिलाच माहीत होती.

सिंधूताईंचं वावर लांबून तांबडं दिसत होतं, आग विझल्यावर जमीन दिसते तसं. समीक्षा, जाकीर, सगळा वर्ग कमरेला कापसासाठी फडक्याच्या ओट्या बांधून ओळींत वाकलेला. बांधावर उभा राहून मी भाषण सुरू केलं. पहिला मुद्दा होईपर्यंत सिंधूताई वेचत राहिल्या. मग पाठ सरळ केली.

"गुरुजी येत तवा बोलत नव्हते, सर. ओळीले लागत. दुपारपावतर वेचत, मंग लेकरं संगं घेऊन जात. मले नाई म्हणताच येत नव्हतं."

टोमणा नव्हता तो. सांगितलं फक्त.

मग मीही ओळीला लागलो. काय अवघड आहे? बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडा फाटतात, हे पुस्तकात नाही. ऊन डोक्यावर. शेजारच्या ओळीत कोणीतरी माझ्या पुढे पुढे वेचत होतं. पांढरा सदरा, वाकलेली पाठ. मी गाठायला घाई करत होतो, तो अंतर वाढवत नव्हता आणि कमीही होऊ देत नव्हता. शेवटी हाक मारली.

पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा तोंडावर पाणी होतं आणि समीक्षा पदराने वारा घालणाऱ्या आईला सांगत होती की सर सकाळी जेवलेच नसतील. शेजारच्या ओळीत कोण होतं विचारलं. तिकडे कोणीच नव्हतं म्हणाले. जाकीरने मात्र समीक्षाकडे पाहिलं.

चौघांनी धरून शाळेत आणलं. नोंद घ्यावी की त्या निमित्ताने चार विद्यार्थी शाळेत आले. उपक्रम सर्वस्वी वाया गेला नाही.

शनिवार, २१ नोव्हेंबर, दुपारी
विश्वास बसणार नाही. आज वर्ग भरलेला. एकूणएक पट हजर, केस विंचरलेले, बोटांना चिंध्या बांधलेल्या. माझ्या कालच्या संबोधनाचा परिणाम असं मनात आलं. जाकीरला सहज विचारलं. त्याने मोकळेपणाने सांगितलं की सरांचे साहेब येणार आहेत, पोरं नसली तर सरांची नोकरी जाईल, सर तसेही अशक्त आहेत, असं समीक्षा घरोघर सांगून आली.

साहेब आले. फळा पाहिला, पट पाहिला, मान डोलावली. पाढे विचारले, मुलांनी धडाधड म्हटले. मी कोठीजवळ ताठ उभा. सगळं मनासारखं चाललं होतं. मग साहेब घाम पुसत खुर्चीकडे वळले.

वर्ग उठला नाही. कोणी रडलं नाही. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. माझ्या मागे नाही, माझ्याकडे. आठवड्यात पहिल्यांदा.

"साहेब," मी म्हणालो, "तिथे गुरुजी बसले आहेत."

आवाज माझाच होता.

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या कपाळावरच्या ओल्या फडक्याकडे. काल ऊन लागल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. उभ्यानेच शेरा लिहिला. वर्ग समाधानकारक, शिक्षकास विश्रांतीची गरज. जाताना खांद्यावर हात ठेवून विचारलं, घरी कोण कोण असतं.

शेरा एकंदरीत चांगलाच म्हणायचा. पहिला भाग.

शनिवार, संध्याकाळी
शाळा सुटल्यावर मुलं वावराकडे निघाली. व्हरांड्याच्या पायरीवर बसून मी त्यांना नवा संकल्प सांगितला. सोमवारपासून मीही रोज सकाळी ओळीला लागणार आणि दुपारी सगळ्यांना शाळेत घेऊन येणार, गुरुजींसारखा. जरा भरून आलं बोलताना.

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलायचं काम समीक्षावर आलं.

"तुमी नका येऊ, सर. तुमाले आनाले चौघं लागतात, तेवढी वेचाई खोटी होते. आमीच येऊ पाळीपाळीनं. अर्धे सकाळी, अर्धे दुपारी. तुमी इथंच राहा."

योजना माझ्यापेक्षा बरी होती, म्हणून मान्य केली.

ती निघाली, दोन पावलं जाऊन परत आली. चेहरा गंभीर. मला वाटलं आणखी काही सूचना आहे. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या शेजारी, पायरीच्या रिकाम्या बाजूकडे बघून म्हणाली, "ह्यायच्यावर ध्यान ठेवजा, गुरुजी. नवे हायत."

आणि पळत गेली.

पायरी तशी अरुंद आहे. मी जरा सरकून बसलो.