डाव्या कडेची बदनामी

चि. बंधुराजांस ताईचे आशीर्वाद (रागातले असले तरी लागू पडतात).

तुझी, तुझ्या डॉक्टरीणबाईंची आणि ढमीची प्रकृती उत्तम असेलच. माझी विचारू नकोस. तुझ्या लेकीला कडेवर घेतलेलं असताना माझ्या पाठीत उसण भरली, हे खरं. पण मी तिला पाडलं असं जे तू सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटला आहेस, ते साफ खोटं आहे. आधी मी तिला गादीवर ठेवलं आणि मग पडले (फरशीवर, कारण गादीवर जागा उरली नव्हती). त्यावर तुम्हा नवराबायकोचा निकाल काय, तर ताईने पिलाटीज नावाच्या व्यायामाच्या क्लासला जावं आणि कंबर सरळ झाली असं तिथली बाई म्हणेपर्यंत ढमीला उचलू नये. दात उपटणाऱ्या बाईने माझ्या कमरेवर बोलावं आणि माझ्या पाठच्या भावाने मान डोलवावी, याने माझं डोकं फिरलं आहे.

आता क्लासची हकीकत ऐक. शिकवणारी पोरगी माझ्या पार्लरमध्ये केस कापायला येणाऱ्या मुलींहून लहान. तिने मला आरशापुढे उभं केलं, कमरेच्या दोन्ही हाडांवर बोटं ठेवली आणि जाहीर केलं की डावं हाड वर आहे. म्हणे दिवसभर गिऱ्हाइकामागे एका पायावर रेलून उभं राहायची सवय, त्यामुळे डावीकडचे स्नायू आखडून हाड वर ओढून धरतात आणि उजवीकडचे नुसते बसून खातात (हे शेवटचं माझं). शेजारच्या चटईवर एक बसचालक असतो. मागच्या खिशातल्या जाडजूड पाकिटावर वर्षानुवर्षं बसून त्याचीही कंबर कलली आहे, पण त्याला पाकीट पुढच्या खिशात ठेव म्हटलं की भागतं. मला विचारलं, मूल कोणत्या कडेवर घेता? आता तिला काय सांगणार, कपाळ माझं. आई कामावर जायची तेव्हा तुला डाव्या कडेवर घेऊन मी एका हाताने घर झाडायचे. चालायला लागलास तरी महाराज खाली उतरायला तयार नसत. ज्याने माझं हाड वर ढकललं, तोच आज मला स्वतःची पोर हातात देत नाही, याला काय म्हणावं?

त्याहून चीड आणणारा प्रकार पुढे. उताणं निजून गुडघे मोडायचे आणि कंबर हळूहळू उचलायची, एवढंच करायचं होतं. तर ही सारखी म्हणते, बूड आवळू नका. मी कशाला आवळतेय? तिने हात लावून दाखवलं, तर दगड. मनात राग असला की मी आवळते म्हणे, त्याने कंबर आत दुमडते आणि सगळा ताण पाठीवर येतो. कुणावर रागावला आहात का, हेही तिने सगळ्यांदेखत विचारून घेतलं. मी तुझं नाव घेतलं नाही, घराण्याची अब्रू राखली. असा हा तुमचा क्लास तुम्हालाच लखलाभ असो. पुढच्या आठवड्यापासून मी जाणार नाही.

तुझी (सध्या नाइलाजाने)
ताई

ता. क. गेल्या बुधवारीच त्या पोरीने दोन्ही हाडं एका रेषेत आल्याचं सांगितलं. वर लिहिलं नाही, कारण मग तुझ्या बायकोचं खरं ठरलं असतं. क्लासही सोडणार नाही, पाठ दुखायची थांबली आहे. डॉक्टरीणबाईंना यातलं काही सांगू नकोस.

आणखी एक. घरी आल्यावर ढमीच्या वजनाची पिठाची पिशवी डाव्या कडेवर घेऊन पाहिली. सरळ झालेल्या कमरेवर ती ठरेना, सुळकन खाली. उजवीकडे घेतली तरी तेच. तेव्हापासून मी धास्तावले आहे, हसू नकोस. रविवारी ढमीला घेऊन ये. पहिल्यांदा मी खुर्चीवर बसूनच घेईन, हवं तर तू शेजारी उभा राहा. पिठाच्या पिशवीचं काय, ती काही आपणहून बिलगत नाही. ढमी बिलगते. अजून बिलगते ना रे?