रायफलीचं दुखणं

पेल्की, मिशिगन
२८ सप्टेंबर

हेल्मी, पोरी,

तू, डॅन आणि ती तुमची लठ्ठ मांजर धडधाकट आहात असं धरून चालतो. इकडे मी बरा आहे. बटाटे काढून झाले. सौनाच्या वाफेसाठी लाकडं फोडून रचली, म्हणजे शेजारच्या आर्व्होनं फोडली आणि मी रचली. अक्षर वेडंवाकडं आलंय तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन फुकटातलं आहे, बियाण्याच्या दुकानात मिळालं.

आता मुद्द्याचं. मी नवी रायफल घेतली.

एप्रिलमध्ये तू आजोबांची रायफल "साफ करून आणते, पप्पा" म्हणून डिकीत घातलीस आणि ग्रीन बेला तुमच्या घरी घेऊन गेलीस. उन्हाळा सरला, तुझी साफसफाई काही सरली नाही. मी भांडत नाहीये. पण पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो आणि त्या सकाळी मी जंगलातल्या आपल्या खोपीवर नाही, असं तुझ्या जन्माआधीपासून कधी झालेलं नाही. यंदाही होणार नाही, एवढं ध्यानात ठेव. म्हणून दुकानात गेलो आणि भिंतीवरची सगळ्यात स्वस्त होती ती उचलली.

स्वस्तात मस्त म्हणे. प्लॅस्टिकचा दस्ता, हातात घेतला की पोकळ वाजतो. काडतूस आत सारायचा बोल्ट मागे ओढला की दाताखाली खडा आल्यासारखा करकरतो. पहिलीच गोळी मारली तर रिकामी पुंगळी आत अडकून बसली, नळीतून सळई घालून ठोकावी लागली. दुसऱ्या गोळीला काडतुसांचं मॅगझीनच गळून गवतात पडलं. आर्व्हो कुंपणावर रेलून बघत होता. म्हणाला, "हिला दात येतायत का पडतायत?"

कंपनीला फोन केला. त्यांनी बराच वेळ गाणी ऐकवली. मग एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "परत पाठवून द्या सर, दोन महिने धरून चला." दोन महिने हरणं काय माझ्यासाठी थांबणार आहेत? मी म्हटलं, राहू दे बाई, मी कागदाच्या गिरणीत जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली, त्यात ही एक.

नेमाचं तर विचारूच नकोस. लाकडी टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, त्यावर रायफल टेकवली आणि कागदावर नेम धरला, तरी गोळ्या अशा विखुरल्या की कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा. आर्व्हो म्हणतो कसा, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी त्याला म्हटलं, खोपीच्या भिंतीवर कुणाच्या शर्टांचे तुकडे ठोकलेत ते आधी जाऊन बघ. खोपीचा नियम म्हणजे नियम: हरणावरचा नेम ज्याचा चुकला, त्याच्या शर्टाचा तुकडा भिंतीवर. नेम चुकवायचा आणि शर्टाचा मागचा तुकडा तुझ्या आईच्या कात्रीखाली द्यायचा, हा त्याचा दरवर्षीचा धंदा. इर्मा कापताना किती हसायची ते तुला आठवत असेल. त्या भिंतीवर माझा एक तुकडा दाखव म्हणावं.

तर असं आहे. अंगण खरोखरच वाकडं आहे आणि मी ते सरळ करणार आहे. डॅनला नमस्कार सांग.

तुझा, बिनकापल्या शर्टाचा,
पप्पा

·

पेल्की
२७ ऑक्टोबर

हेल्मी,

तुझं कार्ड पोचलं. तीन ओळी हवामानाच्या, एक मांजरीची, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात प्रश्न: "पप्पा, रायफल दुसऱ्या कुणी मारून बघितली का?" तू तुझ्या आईवर गेलीस. तीसुद्धा खरं बोलणं कोपऱ्यात लिहायची. त्याचं उत्तर देतो, आधी कामाचं ऐक.

बोल्ट ठीक झाला. आत धातूची बारीक कुसळं तशीच ठेवली होती त्या लोकांनी. पोराच्या तोंडावरची लाळ तरी पुसून बाहेर पाठवतात. तेल आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन बसलो, घासत राहिलो, आता लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो. नळीच्या तोंडाशी काडतूस बसतं तिथंही खरखर होती, ती काढली. पुंगळी आता अडकत नाही. मॅगझीनची पकड कानशीनं नीट केली.

मग मोठा दोष सापडला. नळी दस्त्याला कुठे टेकता कामा नये, टेकली की गोळी भरकटते, हे तुला आजोबांनीच शिकवलंय. एक डॉलरची नोट नळीखालून सरकवली तर अर्ध्यात अडकली. डाव्या बाजूनं प्लॅस्टिक नळीला खेटून बसलं होतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. आर्व्होला हाक मारून दाखवलं, "बघ, हे बघ वाकडं अंगण." त्यानं चष्मा वर केला, खाली केला, म्हणाला, "आहे बाबा." दोन दिवस घासून तिथं जागा केली. नोट आता इकडून तिकडे सुळकन जाते.

तरी कोंबड्यांचे दाणे.

मग रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू काढले. भोकांत कारखान्याचं तेल तसंच होतं, स्क्रू धरणार कसे? पुसलं, गोंद लावून आवळले. ते बारीक स्क्रू हातातून निसटून किती वेळा गॅरेजच्या फरशीवर गेले, मोजदाद नाही. गुडघ्यांवर बसून शोधायचे आणि पुन्हा पाडायचे. हल्ली सगळ्याच वस्तू बारीक करतात. कॉफीच्या कपांचे कानसुद्धा बारीक, दोन फुटले. आता जाड कानाचे आणलेत आणि अर्धेच भरतो. शर्टाच्या बटणांचंही तेच, म्हणून पुढे चेन असलेलं जाकीट घेतलं. हे पत्र पेन्सिलीनं लिहितोय, त्या पेनाला कंटाळलो.

थकलो ग पोरी. रोज गॅरेजमध्ये जातो, शेगडी पेटवतो, तिला उघडतो आणि पुन्हा जोडतो. एक गंमत सांगतो, हसू नकोस. नवा दोष सापडला की त्या दिवशी जेवण जातं. मांस-बटाट्याची पास्टी गरम करतो, पूर्ण खातो. सापडला नाही की ताट पुढ्यात तसंच राहतं. आता चार दिवस काही सापडलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. दुसऱ्या कुणी मारलेली नाही. मी कुणाच्या हातात दिलेली नाही.

कागद संपत आला. थंडी वाढलीय, गाडीचे टायर बदलून घे.

पप्पा

·

खोपीवरून
१६ नोव्हेंबर

हेल्मी, बाळा,

हे पत्र सावकाश वाच, कारण लिहिलंयही सावकाश. खोपीत चूल पेटलेली आहे, बर्फ घोट्याएवढं आहे. आर्व्हो लाकडं आणायला गेलाय आणि मुद्दाम उशीर करतोय, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून.

हंगामाआधी मी रायफल आर्व्होच्या हातात दिली. तुझा तो कोपऱ्यातला प्रश्न मला झोपू देत नव्हता. म्हटलं, मार. तो म्हणाला, "मी? मला धान्याच्या कोठारात आत उभं केलंस तरी भिंतीवरचा माझा नेम चुकेल." म्हटलं, मार रे. त्यानं टेबलावर टेकवली आणि तीन गोळ्या झाडल्या. आम्ही दोघं चालत कागदापर्यंत गेलो. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. माझ्या अंगठ्याखाली झाकली असती.

मग आर्व्हो म्हणाला, "नशीब." आणि परत जाऊन अजून तीन झाडल्या, त्यातली एकसुद्धा कागदाला लागली नाही. "बघ, सांगत होतो ना, रायफलच भिकार आहे." पोरी, त्या माणसाचा नेम जन्मभर आपोआप चुकत आलाय. पण मुद्दाम चुकवताना मी त्याला पहिल्यांदा बघितलं. मला रडू आलं. त्याच्यासमोर रडलो नाही, गाडीत बसून रडलो.

तर रायफल ठीक आहे. केव्हाचीच ठीक होती, नळीखालून नोट सरकली त्या दिवसापासून. पेनही ठीक आहे, कपही ठीक होते. माझा उजवा हात हलतो. जूनमध्ये डॉक्टरकडे गेलो होतो, तुला सांगितलं नाही. पार्किन्सन म्हणाला. गोळ्या घेतोय, त्यानं थोडं बरं असतं, थोडंच. एप्रिलमध्ये मी तुला कॉफी ओतून देत होतो तेव्हा तू टेबलावर सांडलेली कॉफी बघितलीस. फडक्यानं पुसलीस, आणि जाताना रायफल नेलीस. मला वाटलं तू माझा हातच तोडून नेलास. म्हणून ही घेतली, तुला दाखवायला की हात जागेवर आहे.

काल सकाळी तरीही बसलो. तू म्हणशील, कळूनसुद्धा? हो, कळूनसुद्धा. उजाडता उजाडता ओढ्याच्या पलीकडून हरणाचा नर आला, भारदस्त, अंगावर बर्फ. आडवा उभा राहिला. दुर्बिणीतून बघितलं तर तो कधी आत, कधी बाहेर, आणि तो जागचा हलत नव्हता. मी तेव्हाच रायफल खाली ठेवायला हवी होती. चाप ओढला. गोळी बर्चच्या झाडात गेली. नर उडी मारून गेला. आर्व्होनं आणि मी सगळीकडे बर्फ तपासलं, रक्ताचा थेंब नाही, केस नाही. देवाचे उपकार. तो लंगडत गेला असता तर मी हे पत्र लिहू शकलो नसतो.

खोपीत आलो, जाकीट काढलं, आर्व्होकडे पाठ करून उभा राहिलो. म्हटलं, काप.

तो म्हणाला, "काय कापू?"

"शर्ट. चुकलोय मी."

"वारा होता."

"पान हलत नव्हतं."

"मग रायफल वाकडी आहे. मी असल्या रायफलीसाठी कुणाचा शर्ट कापणार नाही," म्हणाला आणि बटाटे सोलायला बसला. ज्याचे इतके शर्ट फाडले, ज्याला भर खोपीत हसलो, तो माझ्या शर्टाला हात लावेना. खूप सांगितलं, शिव्या दिल्या. बटाटे सोलत राहिला. शेवटी म्हणाला, "ती इर्माची कात्री आहे. तिच्या घरातलं कुणी आलं तर कापेल. मी कोण?"

स्वतःचा शर्ट स्वतः कापायचा नाही, हा इथला नियम आहे. नाहीतर हातासरशी कापून मोकळा झालो असतो.

नवी रायफल आर्व्होला देऊन टाकतोय. चांगली झालीय, मीच केलीय, मला माहीत आहे. जन्मभर बंदुकीला दोष देत आला, आता त्याला सबब उरणार नाही. हंगाम महिनाअखेरपर्यंत आहे. आजोबांची रायफल साफ झाली असेल तर घेऊन ये, पण तुझ्यासाठी. मी शेजारी बसेन. हरीण कुठून येतं ते अजून मला तुझ्यापेक्षा बरं कळतं. वेलदोड्याचा पाव आण, आर्व्होचे बटाटे खाऊन जीव गेलाय. आणि कॉफी तू ओतायची, मी काही म्हणणार नाही.

कात्री तिच्या खिळ्याला आहे. तुझी आई गेल्यापासून कुणी उतरवलेली नाही. शर्ट मी अंगातून काढलेला नाही, धुतलाही नाही. आर्व्हो म्हणतो वास येतोय. येऊ दे म्हटलं.

तुझा, अजून तरी बिनकापल्या शर्टाचा,
पप्पा